कुंपणाची फळं

शकूताई गेल्याचं मला तीन दिवस उशिरा कळलं. भाचीच्या लग्नासाठी मी इंदूरला गेले होते. परत येऊन नेहरू नगरच्या घराचं कुलूप काढतेय, तोच त्यांच्या खालच्या मजल्यावरच्या सक्सेना भाभींचा फोन आला. "आप कहाँ थीं? दीदी तो मंगलवार को ही..." मंगळवारी दुपारी मी मांडवात पंगतीला वाढत होते. जिलबीचं ताट हातात घेऊन सगळ्यांना आग्रह करत होते. फोन पर्समध्ये, पर्स खोलीत, खोलीला कुलूप. त्यांची मुलगी अनघा पुण्याहून आली, सगळं आटोपलं, अस्थीही गेल्या, आणि मी मात्र प्रवासाच्या पिशव्या घेऊन दारातच उभी. शेवटचं दर्शन चुकलं याची हळहळ पुष्कळांना असते. माझी गोष्ट थोडी वेगळी आहे. मला त्यांना एक सांगायचं होतं आणि ते मी एकतीस वर्षं पुढे ढकलत आले होते.

शकुंतला बोपर्डीकर वाईकडच्या. त्यांचे यजमान भोपाळच्या मोठ्या सरकारी कारखान्यात ड्राफ्ट्समन होते, म्हणून लग्नानंतर त्या इथल्या टाउनशिपमध्ये आल्या आणि टाउनशिपच्या महिला मंडळाने चालवलेल्या बालवाडीत मुख्य बाई झाल्या. मी उज्जैनची. माझा नवरा त्याच कारखान्याच्या स्टोअरमध्ये कारकून. लग्नाला वर्ष झालं होतं, घरात दोघंच, दिवस खायला उठायचा. म्हणून मी मदतनीस म्हणून तिथे लागले. लाल कवेलूंच्या, म्हणजे कौलांच्या, दोन खोल्या, पुढे पत्र्याचा व्हरांडा आणि मागे काळ्या मातीचा एक लांबट तुकडा. पोरं निम्मी बिहार, यूपीची, काही मल्याळी, काही आपली. त्यांना 'बोपर्डीकर' म्हणता येईना. एकाने 'बोपी दीदी' केलं आणि पुढे सगळ्या टाउनशिपने तेच नाव चालवलं.

पहिल्याच दिवशी शकूताईंनी मला मागे नेलं आणि म्हणाल्या, "सुनंदा, इथे वाफे करायचेत." मी म्हटलं, "क्यारी?" त्या म्हणाल्या, "क्यारी नव्हे, वाफा." आम्हां उज्जैनवाल्यांच्या मराठीवर त्यांचा भारी कटाक्ष. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी मुलांना "चलो, वाफा बनाएँगे" असं सांगितलं, तेव्हा नुसतं 'वाफ' ऐकलेली एक मराठी पोरगी गंभीरपणे म्हणाली, "दीदी, चाय का?" शकूताई इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. त्या दिवसापासून त्यांच्याही तोंडी क्यारीच.

प्रत्येक मुलाला वीतभर रुंद पट्टा. नाव वाचता येत नाही, म्हणून पट्टीवर चित्र. कुणाची छत्री, कुणाचा मासा, कुणाची किटली. पाणी घालायला तुपाचे रिकामे डबे, बुडाला खिळ्याने भोकं पाडलेले. मेथी टाकली, मुळा टाकला. चार-पाच वर्षांची ती पोरं, त्यांना धीर कुठला? दुसऱ्या दिवसापासून रोज उकरून बघायची. मी ओरडायला लागले तर शकूताईंनी मला थांबवलं. कडेला एक वेगळी क्यारी केली आणि सांगितलं, ही बघायची क्यारी. हिच्यात हवं तेव्हा, हवं तितकं उकरा, बी वर काढा, बघा, परत ठेवा. बाकीच्यांना हात लावायचा नाही. पोरांनी आठवडाभर मनसोक्त उकरलं. आठव्या दिवशी सगळीकडे मेथीची हिरवी टाचणीएवढी डोकी वर आली आणि बघायच्या क्यारीत नुसता चिखल. त्यांनी एक शब्द बोलून दाखवला नाही. मुलं उभी राहून इकडे बघत, तिकडे बघत राहिली. मासा चित्रवाला एक जण हळूच खाली बसला आणि त्या चिखलावरून हात फिरवत म्हणाला, "सॉरी." मी त्यानंतर पुष्कळ पुढारलेल्या शाळा पाहिल्या, भिंतींवर 'पेड़ लगाओ' लिहिलेलं पाहिलं, पण तसं शिकणं मला पुन्हा दिसलं नाही.

आणि त्यांचा दुसरा नेम म्हणजे चव. जे लावलं ते खाऊन बघायचं. मेथीचं कच्चं पान खाऊन तोंडं वाकडी करायची, मुळा खाऊन हा-हू करायचं, मटाराची शेंग तिथेच सोलायची. "तोंडात गेलं की ते आपलं होतं गं," त्या म्हणायच्या. "मग त्याच्यावर पाय पडत नाही." खायच्या आधी दीदीला विचारायचं, एवढा एकच नियम होता. पण पाच वर्षांच्या पोराला नियम किती आणि भूक किती...

बागेचा खरा वैरी म्हणजे शेळ्या. टाउनशिपच्या कडेच्या झोपड्यांतून यायच्या आणि रविवारच्या एका दिवसात आठ दिवसांचं हिरवं साफ करून जायच्या. सोमवारी पोरं मागे धावत जायची आणि तिथेच थबकायची. शकूताईंनी तारेच्या कुंपणासाठी अर्ज केले, उत्तर आलं नाही. तेव्हा मी म्हटलं, आमच्याकडे शेतांना रतनजोतचं कुंपण असतं, शेळी तोंड लावत नाही. करोंद गावाच्या पुढे नवऱ्याचे एक मित्र राहायचे. त्यांच्या बांधावरून मी स्वतः भारा बांधून फांद्या आणल्या. शकूताई बघून म्हणाल्या, "हा तर मोगली एरंड. याच्या बिया वाईट ना गं?" मी म्हटलं, "बिया खायच्या नसतात. पण फळं धरली की आपण काढून टाकू ना, त्यात काय!" त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, "मग ते काम तुझं. दर शनिवारी." मी हो म्हटलं.

दोन वर्षं मी ते काम चोख केलं. पावसाळा सरला की हिरव्या फळांचे घोस लागायचे. मी शनिवारी पोरं गेल्यावर पिशवी घेऊन कुंपणाभोवती फिरायची, एक-एक फळ काढायची आणि पिशवी दूर नाल्यात रिकामी करायची. तिसऱ्या वर्षी एका शनिवारी माझी नणंद पहिल्यांदा आमच्याकडे येणार होती. मी लवकर निघाले. पुढच्या शनिवारी कसली तरी सुट्टी होती. त्याच्या पुढच्या... मला आठवत नाही. आठवत नाही असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. खरं तर त्या शनिवारी मला कंटाळा आला होता. एवढंच.

त्याच्या पुढच्या मंगळवारी मधल्या सुट्टीत सात मुलांनी कुंपणाची पिकून काळी पडलेली फळं फोडली. आतली पांढरी बी चवीला शेंगदाण्यासारखी लागते. त्यांनी ती वाटून खाल्ली, अगदी समान वाटून, जसं त्यांना शिकवलं होतं तसं. तासाभरात एक ओकायला लागलं, मग दुसरं, मग सगळीच. शकूताईंनी दोघांना दोन्ही काखेत घेतलं आणि अनवाणी धावत सुटल्या. मी बाकीच्यांना कारखान्याच्या गाडीत घातलं. सहा जण संध्याकाळपर्यंत उठून बसले. सातवी मीनू. वडील क्रेन चालवायचे, आई घरीच. किटलीच्या चित्रवाली मीनू तीन दिवस सलाइनवर होती. ओठ पांढरे, डोळे खोल. तीन दिवस शकूताई दवाखान्याच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसून होत्या. मीनूच्या आईने त्यांच्याकडे एकदाही वळून पाहिलं नाही, त्यांनी आणलेलं नारळपाणीही घेतलं नाही.

चौथ्या दिवशी मीनू वाचली असं डॉक्टर म्हणाले आणि पाचव्या दिवशी मंडळाची बैठक बसली. टेबलाच्या त्या बाजूला पाच-सहा बायका, या बाजूला आम्ही दोघी. हे कुंपण कुणी लावलं, फळं काढायची जबाबदारी कुणाची, असं विचारलं. मी तोंड उघडलं होतं, हे मी शपथेवर सांगते. पण माझ्याआधी शकूताई बोलल्या. "मुख्य बाई मी आहे. कुंपण मी लावलं, फळं काढायचं काम माझं होतं. माझ्याकडून राहून गेलं." आवाजात चढउतार नाही, माझ्याकडे बघणं नाही. मी उघडलेलं तोंड मिटलं.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "शकूताई, तुम्ही..." त्या म्हणाल्या, "तुझी नोकरी कच्ची आहे, तुला काढूनच टाकतील. मला काढणार नाहीत. चल, रिक्षा बघ." नंतर हा विषय त्यांनी कधी काढला नाही. मी रोज सकाळी ठरवायची की आज मंडळात जाऊन सांगते. मग आठवडा गेला, महिना गेला, आणि जी गोष्ट पहिल्या दिवशी चार वाक्यांत संपली असती, ती सांगायला तोंड धजेना.

त्यांना काढलं नाही. मुख्य बाई म्हणून मला नेमलं आणि शकूताईंना मदतनीस केलं. कुंपण उपटलं, क्यारीसकट मागचा सगळा तुकडा सिमेंट करून टाकला. सिमेंट ओतायला गडी आले त्या दिवशी क्यारीतले मुळे काढणीला आले होते. मी म्हटलं, निदान एक दिवस थांबा. ते थांबले नाहीत. शकूताईंनी मुलांना पुढच्या खोलीत बसवून मोठ्या आवाजात गाणी म्हणायला लावली, मागचा आवाज ऐकू येऊ नये म्हणून. आणि मग बारा वर्षं त्या माझ्या हाताखाली राहिल्या. हजेरीपटावर सही करायला माझ्या टेबलापाशी यायच्या, सुट्टी हवी असेल तर मला विचारायच्या. "मोठ्या बाई, उद्या जरा उशीर होईल," असं म्हणायच्या. त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं.

त्या घटनेनंतर दीड-दोन महिन्यांनी मीनूची आई बालवाडीच्या दारात आली. मला वाटलं, भांडायला आली. ती शकूताईंसमोर उभी राहून म्हणाली, "बहनजी, ये अब हरा कुछ खाती नहीं. भाजी देखकर चीखती है. आँगन में घास पर पैर नहीं रखती. ये सब आपने सिखाया था, अब ये डर भी आप ही निकालिए." शकूताई म्हणाल्या, "आऊँगी."

दर गुरुवारी चार वाजता त्या मीनूच्या क्वार्टरवर जायला लागल्या. कोथिंबिरीची एक कुंडी घेऊन जायच्या, अंगणात ठेवायच्या, शेजारी बसायच्या, तासभर तिच्या आईशी इकडचं-तिकडचं बोलायच्या आणि उठून यायच्या. मीनू दाराआड. पोरीला हाक मारायची नाही, समजावायचं नाही. चौथ्या-पाचव्या गुरुवारी म्हणे तिने दारातूनच, लांबून, पेल्यातलं पाणी कुंडीच्या दिशेने भिरकावलं. निम्मं शकूताईंच्या साडीवर पडलं. त्यांनी ते पुसलंसुद्धा नाही. "पाणी घातलंन गं तिने!" दुसऱ्या दिवशी मला सांगताना त्यांचा चेहरा कितीतरी दिवसांनी उजळला होता.

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी मी त्यांच्याबरोबर गेले. आम्ही अंगणात बसलो होतो. मीनू बाहेर आली, कुंडीपाशी उकिडवी बसली, बोटाच्या टोकाने एक पान हलवून बघितलं. मग शकूताईंकडे मान वर करून विचारलं, "दीदी, खा लूँ?"

या प्रश्नाचीच तर त्या इतके दिवस वाट बघत होत्या. आणि त्यांच्या तोंडून हो निघेना. मी त्यांच्याकडे बघत होते. ज्या बाईने शेकडो पोरांना मातीतून उपटून मुळे खायला घातले, तिला आता कोथिंबिरीचीही खात्री वाटेना. त्यांनी कुंडी जवळ ओढली, एकेक काडी बाजूला करून बघितली, पानं उलटसुलट करून बघितली, वास घेतला. स्वतः एक पान खाल्लं. थांबल्या. आणखी एक खाल्लं. मीनू त्यांच्या तोंडाकडे बघत होती, तिची आई दोघींकडे. शेवटी त्या इतक्या बारीक आवाजात "हाँ" म्हणाल्या की मलाच नीट ऐकू आलं नाही. मीनूने पान तोंडात टाकलं, चावलं आणि म्हणाली, "चटनी जैसा है." तिची आई पदर तोंडाला लावून आत निघून गेली. परत येताना क्वार्टरच्या वळणावर शकूताई एका झाडाला हात टेकून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सुनंदा, मुलगी बरी झाली गं. मी नाही झाले."

जूनमध्ये मीनूच्या वडिलांची बदली दूरच्या कुठल्यातरी युनिटला झाली. पुढे त्या मुलीचं काय झालं, कुणाला ठाऊक नाही. शकूताईंनी दोन पत्रं पाठवली होती, उत्तर आलं नाही.

बालवाडीतही आता नवी पद्धत आली होती. लांबून बघायचं, हात लावायचा नाही. फुलाला, किड्याला, चिखलाला, कशालाच नाही. मंडळाचा तसा हुकूमच होता आणि तो पाळून घ्यायचं काम माझं. पोरं सिमेंटवर रांगेत उभी राहून कवायत करायची. एकदा पावसात कुठूनसं एक गांडूळ सिमेंटवर आलं, तर सगळी किंचाळत आत पळाली. शकूताईंनी ते तळहातावर उचललं आणि रस्त्यापलीकडच्या मातीत सोडून आल्या. आधीची पोरं गांडुळाला वाट करून द्यायची. हे आम्हां दोघींनाही आठवलं असणार.

मग कारखान्यातली माणसं कमी होत गेली. निवृत्त झाले त्यांच्या जागी कुणी आलं नाही. क्वार्टरच्या रांगाच्या रांगा ओस पडल्या, दारं-खिडक्या लोकांनी काढून नेल्या. बालवाडीत अकरा मुलं उरली तेव्हा ती बंद झाली. शकूताईंचे यजमान त्याच सुमारास गेले. अनघा पुण्यात, ती बोलवायची, पण त्या गेल्या नाहीत. कोटऱ्याच्या बाजूला दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या घेऊन राहिल्या. माझ्या घरापासून पायी दहा मिनिटं. आठवड्यातून एकदा तरी मी जायचीच. निघताना दर वेळी वाटायचं, आज बोलू. त्या चहा टाकायच्या, गुडघ्यांच्या तक्रारी व्हायच्या, आणि मी उठून यायची.

आमची शेवटची भेट लग्नाला जायच्या चार दिवस आधीची. त्या अंथरुणाला टेकून बसल्या होत्या. एकाएकी म्हणाल्या, "तिकडे जाऊन आलीस का गं कधी? आपली बालवाडी आहे का उभी?" मी त्याच हिवाळ्यात तिथून गेले होते. पिपलानीकडून येताना मुद्दाम रिक्षा वळवली होती. इमारत पाडली होती. भिंती नाहीत, कवेलू नाहीत. पण त्यांच्या त्या चेहऱ्याकडे बघून मला सांगवेना. मी म्हटलं, "आहे की! कुलूप आहे, पण उभी आहे. रंगसुद्धा दिलाय." "हो? कुठला?" "पिवळा." "बरं झालं," त्या म्हणाल्या आणि डोळे मिटून घेतले.

इंदूरहून आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी भल्या सकाळीच अनघाला भेटायला गेले. ती कपाटातल्या साड्या काढून घड्या घालत होती. मी शेजारी बसून घड्या घालायला लागले. बोलता बोलता बालवाडीचा विषय निघाला आणि ती म्हणाली, "मावशी, डिसेंबरमध्ये मी आले होते ना, तेव्हा आईने हट्टाने मला तिथे नेलं. सगळं पाडलंय. फक्त मागचं सिमेंट शिल्लक आहे. त्याच्यावर ती काठी टेकून कितीतरी वेळ उभी होती." माझे हात थांबले. अनघा म्हणाली, "नंतर तुम्ही येऊन गेलात, त्या रात्री तिचा फोन आला. हसत होती. म्हणाली, आज सुनंदाने आपल्या बालवाडीला पिवळा रंग दिला. मी म्हटलं, मग तू तिला सांगितलं नाहीस? तर म्हणाली, राहू दे गं, तिच्या मनाला बरं वाटलं असेल."

मग मात्र मला राहवलं नाही. मी अनघाला सगळं सांगितलं. करोंदहून आणलेल्या फांद्या, शनिवार, कंटाळा, ती बैठक. ती साडी मांडीवर घेऊन ऐकत होती. आई धाकट्या बाईच्या हाताखाली का गेली, हा प्रश्न तिच्या बालपणापासून तिच्या मनात असणार. ऐकून झाल्यावर तिने मांडीवरच्या साडीची घडी पूर्ण केली. रडली नाही, रागावलीही नाही. एवढंच म्हणाली, "हे तुम्ही तेव्हा सांगायला हवं होतं, मावशी." मी म्हटलं, "हो."

ती उठून चहा करायला गेली. मी बाल्कनीत जाऊन बसले. शकूताईंच्या बाल्कनीत एकही कुंडी नव्हती, तुळससुद्धा नाही. लख्ख झाडलेली फरशी आणि कठड्याला लावून ठेवलेली वेताची एक खुर्ची. सक्सेना भाभी सांगत होत्या, रोज सकाळी आठला त्या तिथे येऊन बसायच्या आणि शाळेच्या रिक्षा जाईपर्यंत हलायच्या नाहीत. मी बसले तेव्हा आठ वाजून गेले असावेत. कोपऱ्यावरून एक रिक्षा आली, दोन्ही बाजूंनी दप्तरं लटकलेली, आत कोंबून बसवलेली चिमुरडी पोरं. बाल्कनीखाली आल्यावर कडेला बसलेल्या एका मुलीने सवयीने मान वर केली आणि हात हलवला. मीही हात वर केला. तिने माझ्याकडे नीट निरखून पाहिलं आणि आपला हात खाली घेतला. रिक्षा वळेपर्यंत ती मागे वळून त्या खुर्चीकडे बघत होती.